वर्षभर अनावश्यक खरेदी थांबवायची असेल तर : सीमाभागातील कुटुंबांसाठी एक पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील एखाद्या मराठी घरात वर्षभरात काय काय विकत आले याची यादी केली, तर त्यातील बराचसा भाग कोणी स्वतःच्या हौसेसाठी घेतलेला नसतो, हे लगेच ध्यानात येते. जावेच्या भावाच्या लग्नातला आहेर, शेजारच्या वास्तुशांतीला नेलेले भांडे, संक्रांतीला लुटलेले वाण, माहेरी जाताना भावजयीसाठी घेतलेली साडी आणि त्यांनी आपल्याला दिले होते म्हणून परत देण्यासाठी आणलेले टॉवेल-टोपीचे जोड, अशा वस्तूंनी ही यादी भरते. खरेदी आवरण्याविषयीचे जे सल्ले सर्वत्र वाचायला मिळतात, ते बहुतेक एकट्या राहणाऱ्या शहरी नोकरदाराला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात आणि म्हणून ते इकडे अर्धेच उपयोगी पडतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील काही मित्रांनी २००६ साली वर्षभर नवी वस्तू न घेण्याचा करार आपापसांत केला होता. अन्न, औषधे, स्वच्छतेच्या वस्तू आणि अंतर्वस्त्रे यांना त्यांनी सूट ठेवली होती आणि बाकीचे जुन्या बाजारातून किंवा उसने आणून भागवायचे ठरवले होते. हा नियम चांगला आहे, मात्र भावकीचे काय करायचे याचे उत्तर त्यात नाही. इकडच्या घरात खरेदी थांबवायची, तर मनाच्या निग्रहापेक्षा घरातल्यांशी आणि पैपाहुण्यांशी वेळेवर केलेले बोलणे अधिक कामाला येते. पुढील पद्धत याच समजुतीवर उभी आहे.

आधी घरात आहे ते पाहावे

पहिले काम म्हणजे कपाटे, ट्रंका आणि माळा उघडणे. हे काम एका दिवसात उरकण्याचा आग्रह धरू नये. एका रविवारी कापडचोपड आणि दुसऱ्या रविवारी भांडी व इतर सामान, अशी विभागणी केली तर चिडचिड होत नाही. साड्या, ओटीत आलेले खण, चादरी, टॉवेल, टोप्या, स्टीलचे डबे, तांब्या-भांड्यांचे संच, भिंतीवरची घड्याळे, न उघडलेले काचेचे पेले, मुलांच्या वाढदिवसाला आलेली खेळणी असे प्रकार करून साध्या वहीत आकडे लिहावेत. मोजदादीचा हेतू स्वतःला लाज आणणे हा नव्हे. वर्षभरात एखाद्या समारंभाला काही द्यायची वेळ आली, तर घरात काय शिल्लक आहे हे वही उघडून कळावे, एवढ्यासाठीच ती करायची. बहुतेक घरांत खण आणि टॉवेल-टोपीचा साठा पुढची दोन लग्नसराई पुरेल एवढा निघतो.

त्यानंतर मागील बारा महिन्यांचा पैसा कोठे गेला ते पाहावे. बँकेचे पासबुक, यूपीआयचे व्यवहार, फोनवरील खरेदीच्या अ‍ॅपमध्ये साठलेली जुन्या मागण्यांची यादी, वाण्याच्या दुकानातील उधारीचे खाते आणि शेतकरी घर असेल तर उसाच्या किंवा तंबाखूच्या बिलातून लगेच वळते झालेले पैसे, हे सगळे एकत्र मांडल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. किराणा, औषधे, शाळा, शेती, प्रवास आणि वीज बाजूला काढल्यावर जी रक्कम उरते, तिच्याशीच या उपक्रमाचा संबंध आहे. त्या रकमेचे पुन्हा दोन भाग पाडावेत: घरच्यांसाठी घेतलेले आणि इतरांना देण्यासाठी घेतलेले. दुसरा भाग पहिल्याहून मोठा निघाल्यास आश्चर्य वाटू देऊ नये.

काय चालू ठेवावे, काय बंद करावे

नियम जितके थोडे, तितके ते टिकतात. अन्नधान्य, औषधे, शाळेचे साहित्य, बी-बियाणे, खते, शेतीची अवजारे आणि दुरुस्तीचा खर्च यांना हात लावू नये. साबण, तेल, पावडर यांसारख्या वस्तू संपल्यावरच आणाव्यात, आधी साठवू नयेत. गरजेची वस्तू मोडली आणि दुरुस्त होण्यासारखी नसली, तर तिच्या जागी एक आणावी. मात्र मोडकी वस्तू आधी घराबाहेर गेली पाहिजे, नाही तर जुना मिक्सरही माळ्यावर आणि नवा मिक्सरही ओट्यावर अशी स्थिती होते. कपडे, भांडी, शोभेच्या वस्तू, नवे फोन आणि त्यांची उपकरणे, गाद्या-पडदे, सौंदर्यप्रसाधने हे सर्व वर्षभरासाठी बंद ठेवावे. वाढत्या वयाच्या मुलांच्या कपड्यांना सूट असावी, तीही वर्षातून दोन वेळा आणि आधी ठरवलेल्या रकमेपर्यंत. पाहुण्यांकडे जाताना कुंद्याचा (बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा) डबा नेण्याची रीत मोडण्याचे कारण नाही. तो खाऊन संपतो आणि कोणाच्याही कपाटात जागा अडवीत नाही.

बंद यादीतील एखादी वस्तू अगदी हवीच वाटली, तर तिच्यासाठी वहीच्या मागील पानांवर एक यादी ठेवावी. वस्तूचे नाव, तारीख, किंमत, ती कोठे पाहिली आणि कशासाठी हवी एवढे लिहून तीस दिवस थांबावे. तीस दिवसांनंतरही ती हवी वाटली, तर घरातील दुसऱ्या एका माणसाची संमती घेऊन मग निर्णय करावा. या यादीतील निम्म्याहून अधिक ओळी आपोआप निकामी होतील असा माझा अंदाज आहे. निदान ज्या वस्तू केवळ दुकानाच्या काचेमागे किंवा फोनच्या पडद्यावर दिसल्या म्हणून हव्या वाटल्या होत्या, त्यांचे तसेच होते.

घरातील प्रत्येकाला महिन्याला थोडी रक्कम कोणत्याही जाबाविना खर्च करायला द्यावी. वडीलमंडळींच्या तंबाखू-सुपारीचा आणि मुलांच्या खाऊचा हिशेब विचारू लागल्यास हा उपक्रम तिसऱ्या महिन्यातच भांडणाचा विषय होईल.

सुरुवात आषाढात करावी

पुष्कळ जण असे संकल्प १ जानेवारीला किंवा गुढीपाडव्याला करतात. दोन्ही वेळा मला गैरसोयीच्या वाटतात, कारण जानेवारीत संक्रांत आणि हळदीकुंकू समोर उभे असते, तर पाडव्यानंतर लग्नसराई जोरात चालू होते. आपल्या भागासाठी आषाढ हा सर्वांत सोईचा महिना आहे. लग्ने थांबलेली असतात, शाळेची खरेदी मे अखेरीपासून जूनपर्यंत होऊन गेलेली असते, पावसाने खानापूरपासून बेळगावपर्यंत घराबाहेर पडणे कमी झालेले असते आणि भातपट्ट्यात सगळे घर रोप लावण्याच्या कामात गुंतलेले असते. पहिले काही आठवडे फारसा मोह न होता जातात, आणि श्रावण, गौरी-गणपती समोर येईपर्यंत थांबण्याची थोडी सवय झालेली असते. ऊस पिकवणाऱ्या घरांना आणखी एक लाभ होतो. गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होऊन बिले हिवाळ्यापासून येऊ लागतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, पण ते त्या मुदतीत येतातच असे धरून कोणी चालत नाही, आणि बिल येणार या भरवशावर आधीच उधारी केली जाते. आषाढात सुरुवात केली, तर मोठी रक्कम हाती येईपर्यंत चार-पाच महिने सरलेले असतात आणि रक्कम येताच दुकानाकडे धावण्याची ओढ थोडी सैल पडलेली असते.

आषाढात एकच धोका आहे. लग्ने नसल्यामुळे गिऱ्हाईक कमी होते, म्हणून कर्नाटकभर कापडाची दुकाने या महिन्यात आषाढ सेल लावतात आणि पुढच्या लग्नांसाठी आताच स्वस्तात घेऊन ठेवा असा आग्रह होतो. कोणाच्या लग्नात कोणती साडी द्यायची हे ठरलेले नसताना घेतलेली साडी कपाटातच राहते, किंवा ऐन वेळी ती रंगाने नापसंत ठरून दुसरी घेतली जाते.

दोन प्रसंगी मात्र वर्ष पुढे ढकललेले बरे. आपल्या गावात अनेक वर्षांच्या अंतराने भरणारी महालक्ष्मी यात्रा त्या वर्षी असेल, तर घराची रंगरंगोटी, पाहुण्यांची अंथरुणे-पांघरुणे, माहेरवाशिणींचे कपडे आणि जेवणावळी यांतून सुटका नाही. तो खर्च खरेदीचा नियम मोडून करण्यापेक्षा यात्रेनंतर उपक्रम सुरू करावा. घरात लग्न असेल तेव्हाही हेच लागू आहे. अधिक महिन्याचे तसे नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आला. हा महिना सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि पंचांगातून आधीच कळतो, म्हणून जावयाच्या वाणाची रक्कम आधी ठरवून बाजूला ठेवता येते.

आहेर, मानपान आणि वाण

या उपक्रमातील खरे काम येथे आहे, म्हणून त्यावर अधिक वेळ द्यावा. इकडच्या बहुतेक घरांत आहेराची वही असते. कोणी काय दिले आणि आपण कोणाला काय दिले हे त्यात तारखेसह लिहिलेले असते. एरवी ही वही परतफेडीसाठी उघडली जाते. आता ती अंदाजपत्रकासाठी उघडावी. मागील तीन लग्नसराईंत आपण किती ठिकाणी गेलो, त्यांपैकी किती जवळची नाती होती आणि किती केवळ ओळखीची, हे वहीवरून समजते. उदाहरणासाठी धरू या की हंगामात पंधरा आमंत्रणे येतात आणि प्रत्येक ठिकाणी पाचशे रुपयांची साडी किंवा भांडे जाते. तेवढ्यातच साडेसात हजार रुपये होतात आणि त्या पंधरांपैकी बहुतेक वस्तू पुढच्या हंगामात दुसऱ्याच मांडवात दिसतात.

नात्यांचे तीन थर करावेत. सख्खी भावंडे, आत्या, मामा आणि त्यांची मुले हा पहिला थर. भावकी आणि शेजार हा दुसरा. ओळखीचे, सहकारी, गल्लीतील मंडळाचे लोक हा तिसरा. पहिल्या थरात मानाचे कापड चालू ठेवावे, पण घेण्यापूर्वी काय हवे ते सरळ विचारावे. दुसऱ्या थरात पाकीट द्यावे आणि त्याची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी शेजारचा किती देतो ते पाहून ती वाढत नाही. तिसऱ्या थरात आशीर्वाद आणि उपस्थिती पुरे. पाकिटाने पैसा वाचतोच असे नाही, हे खरे आहे. पण पाकीट घेणाऱ्याच्या उपयोगी पडते, त्याची रक्कम आपल्या हातात राहते आणि ते आणण्यासाठी बाजारात जावे लागत नाही, जेथे एक साडी आणायला गेलेली माणसे तीन घेऊन येतात.

बोलण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी द्यायचे थांबवले आणि मग घ्यायचे थांबवू म्हटले, तर चिक्कूपणाचा शिक्का बसतो. म्हणून आपल्या घरातील पहिल्याच कार्यात आहेर घेणार नाही असे जाहीर करावे, ते पत्रिकेत मराठीत आणि कन्नड पाहुणे असतील तर कन्नडमध्येही छापावे, आणि दारात आलेले पाकीट हसून परत करावे. स्वतः नाकारल्यावर इतरांना कापड न नेण्याचा अधिकार आपोआप मिळतो. घरात कार्य नसेल, तर हेच एखाद्या वाढदिवसापासून किंवा बारशापासून सुरू करता येते. दुसरे असे की हे बोलणे मांडवात करू नये. तुळशीचे लग्न झाले की लग्नांच्या तारखा निघू लागतात. त्याआधी, दिवाळीच्या फराळाला सगळे जमतात तेव्हा, भावकीतील सर्वांत थोरल्या बाईंशी बोलावे. थोरल्या जाऊबाई किंवा आत्याबाई मान्य झाल्या की बाकीच्या घरांचा प्रश्न बहुधा सुटतो. बोलणेही साधे असावे: "आत्याबाई, यंदा आमच्याकडून कापड नाही आणि आमच्याकडेही कुणी आणायचे नाही. पाकीट देतो, आणि आदल्या दिवसापासून कामाला दोघीही येतो." कामाला येण्याचे हे आश्वासन नुसते तोंडदेखले असू नये. मांडवात भाजी चिरायला आणि पंगतीत वाढायला आलेल्या माणसाने साडी आणली नाही, याची चर्चा कोणी करीत नाही.

घरातील साठा पुढे देण्यात काही गैर नाही, मात्र थोडे पथ्य पाळावे. खण, टॉवेल, टोपी यांवर कोणाकडून आले ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून टाचणीने लावून ठेवावे, कारण ज्या घरून खण आला त्याच घरी तो परत गेला तर त्याची आठवण पुढच्या पिढीपर्यंत काढली जाते. घडीवर पिवळी पडलेली किंवा वाळवी लागलेली वस्तू कोणालाही देऊ नये. तिची वाकळ शिवावी किंवा पुसणी करावीत.

संक्रांतीच्या वाणाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकेका बाईला दहा-पंधरा घरची हळदीकुंकवे असतात आणि प्रत्येक घरून प्लास्टिकची डबी, गाळणी किंवा आरसा येतो. त्यांतील एकही वस्तू तिने स्वतःहून विकत घेतली नसती. वाण देण्याची रीत चालू ठेवून वस्तू बदलता येते. घरच्या शेतातील तांदूळ, गूळ, शेंगदाणे, हळद किंवा तीळ कागदी पुडीत बांधून दिले, तर ते स्वयंपाकघरात जाते आणि सणाशी सुसंगतही दिसते. गल्लीतील बायकांनी मिळून एकाच दिवशी एकत्र हळदीकुंकू केले तर खर्च आणखी कमी होतो आणि शेवटच्या आठवड्यातली धावपळही वाचते. गौरीला नवी साडी नेसवण्याची रीत असेल, तर तीच साडी घरातल्या बाईची त्या वर्षीची साडी धरावी. ती खरोखरच घ्यायची असेल तेव्हा बेळगावातील शहापूर-वडगावच्या विणकरांकडची घ्यावी, असे माझे सांगणे राहील. आपण वर्षात एकच साडी घेणार असू, तर तिचे पैसे येथल्या मागावर जावेत.

बस, बाजार आणि फोन

११ जून २०२३ पासून कर्नाटकात रहिवासी महिलांना शक्ती योजनेखाली राज्याच्या साध्या आणि जलद बसगाड्यांतून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास करता येतो. दवाखाना, कॉलेज, नोकरी, माहेर यांसाठी ही मोठी सोय झाली आहे. पण पूर्वी तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी बाजाराची जी फेरी टळत असे, ती आता टळत नाही. बस फुकट असली तरी बेळगावच्या खडे बाजारातून रिकाम्या हाताने परत यावे असे क्वचितच कोणाला वाटते. म्हणून शहराचा दिवस महिन्यातून एक ठरवावा, गल्लीतील दोन-तीन घरांची कामे एकत्र करावीत आणि यादी कागदावर लिहूनच निघावे. धान्य आणि किराणा घ्यायचा असेल तर सरळ रविवार पेठ गाठावी. गणपत गल्ली, मारुती गल्लीतून जाणारा मार्ग कितीही जवळचा वाटला, तरी यादीत तेथले काही नसेल तर तो टाळावा. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेल्यावर महाद्वार रोडवर पाय घुटमळतातच. तेथे घरून ठरवून नेलेली रोख रक्कम संपली की खरेदी संपली, हा नियम पुरतो. मोफत प्रवास राज्याच्या सीमेपर्यंतच आहे, हेही या हिशेबात धरावे.

पाकिटे घेताना त्यांच्यावर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर पाहावा. मोठे पाकीट किंवा दोनावर एक मोफत ही योजना प्रत्येक वेळी स्वस्त पडतेच असे नाही, आणि स्वस्त पडली तरी ती वस्तू खराब होण्यापूर्वी संपणार आहे का हे विचारावे.

फोनवरील खरेदीसाठी उपाय यंत्राशीच करावे लागतात. खरेदीची अ‍ॅप काढून टाकावीत. काढणे शक्य नसेल तर त्यांच्या सूचना बंद कराव्यात आणि त्यांत साठवलेला कार्डाचा तपशील पुसावा. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तेथे दर महिन्याला आपोआप पैसे वळते करण्यास आपण कधी काळी दिलेल्या परवानग्या दिसतात, त्यांतील नको असलेल्या तेथेच रद्द करता येतात. खरेदीच्या संकेतस्थळांवर ग्राहकाला भुलवण्याच्या ज्या युक्त्या वापरल्या जातात, त्यांपैकी तेरा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवून त्यांना मनाई केली आहे. फक्त दोनच नग शिल्लक आहेत अशी खोटी घाई करणे, न मागितलेला विमा किंवा देणगी टोपलीत हळूच टाकणे, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणे आणि वर्गणी सुरू करणे सोपे ठेवून ती बंद करणे अवघड करणे हे त्यांतील काही. असा प्रकार आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर तक्रार करता येते. माल दारात आल्यावर पैसे द्यायचे असले म्हणून मागणी नोंदवायला काही हरकत नाही, असे अनेकांना वाटते. हा गैरसमज आहे, कारण दारात उभ्या असलेल्या मुलाला माल परत ने म्हणण्याचा संकोच बहुतेकांना होतोच.

कर्नाटकातील कुटुंबप्रमुख महिलांना दर महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये ज्या खात्यात येतात, ते खाते यूपीआयला जोडू नये. ते काढायला बँकेत जावे लागले, तर त्यांचा उपयोग काय करायचा याचा विचार आपोआप होतो.

हप्ते आणि सोने

वर्षभरात नवा हप्ता सुरू करू नये आणि चालू असलेला लवकर संपवावा. बिनव्याजी हप्ता म्हणून जे सांगितले जाते, त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितले आहे की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कोठे तरी दडलेले असते. दुकानात विचारून पाहावे: जो फ्रीज रोखीने साडेअठरा हजारांना मिळतो, तोच दहा हप्त्यांवर वीस हजारांना पडत असेल, तर दीड हजार हे त्या दहा महिन्यांचे व्याजच आहे, आणि प्रक्रिया शुल्क व त्यावरील १८ टक्के जीएसटी वेगळा. क्रेडिट कार्डाचे बिल पूर्ण न भरता किमान रक्कम भरीत राहणे तर याहून महाग पडते. महिना साडेतीन टक्के दर असेल, तर वीस हजारांच्या थकबाकीवर पहिल्याच महिन्यात सातशे रुपये व्याज होते.

दसरा, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी घेतलेले सोने खरेदीत धरायचे की बचतीत, हा वाद प्रत्येक घरात होतो. दागिना असेल तर तो खरेदीतच धरावा. त्यावर ३ टक्के जीएसटी असतो, घडणावळ वेगळी आणि मोडताना ती घडणावळ परत मिळत नाही. मुहूर्त साधायचाच असेल, तर ठरलेल्या रकमेचे वळे किंवा नाणे घ्यावे. दागिनाच घेतला, तर त्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, असल्याची खात्री करावी. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेले हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत.

दुरुस्ती

नवे घ्यायचे नाही म्हटल्यावर जुने चालवावे लागते, आणि त्यासाठी माणसे ठाऊक असावी लागतात. मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा, कुकरची शिट्टी आणि रबर बसवणारा, चांभार, रफू करणारा, पितळी भांड्यांना कल्हई करणारा, शिलाई उसवून कपडे मोठे करून देणारी शिंपीण आणि पावसाच्या तोंडाशी दिसणारे छत्री दुरुस्त करणारे यांची नावे व ठिकाणे वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. दर पावसाळ्यात नवी छत्री घेण्याची सवय बहुधा एक काडी मोडल्यामुळे लागलेली असते. पिशवीची साखळी, चपलेचा अंगठा, बॅगेचे चाक यांसाठी लागणारे पन्नास-शंभर रुपये देताना घासाघीस करू नये, कारण ही कामे करणारी माणसे टिकली तरच हे वर्ष जमणार आहे. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू, जसे मोठी पातेली, शिडी, ड्रिल, पाहुण्यांच्या गाद्या, या शेजारी किंवा मंडळाकडून आणाव्यात आणि वेळेवर परत पोचवाव्यात.

वाचलेला पैसा

खर्च न झालेली रक्कम खात्यातच पडून राहिली, तर ती दुसऱ्या वाटेने जाते. दर महिन्याला ती तेथून हलवली पाहिजे. आपल्याकडे पिग्मी ही जुनी आणि ओळखीची सोय आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दारात येऊन अगदी थोडी रक्कम जमा करून घेण्याची ही पद्धत सुरू केली, आणि ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली असली, तरी गल्लोगल्ली फिरणारे पिग्मीवाले आजही दिसतात. रोज बाजारातून जाणाऱ्या दुकानदाराला किंवा मजुरी करणाऱ्याला ही सोय उत्तम आहे. मात्र व्याज कमी असते आणि मुदतीपूर्वी काढल्यास कपात होते, हे आधी विचारून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसे कोणत्या संस्थेत जातात ते पाहावे. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि सौहार्द संस्था (कर्नाटकातील एका प्रकारच्या सहकारी संस्था) यांतील ठेवींना ते नाही, त्यामुळे ओळखीचा माणूस संचालक आहे एवढ्यावर तेथे मोठी रक्कम ठेवू नये. पगारदारांसाठी टपाल कार्यालयाचे पाच वर्षांचे आवर्ती खाते साधे आहे आणि ते महिना शंभर रुपयांपासून उघडता येते. भिशी करायची असेल तर ती दहा-बारा ओळखीच्या बायकांचीच असावी आणि भिशीची रक्कम हाती आली की साडी घ्यायची ही तिच्याशी जोडलेली सवय यंदा बाजूला ठेवावी.

मध्येच एखाद्या वेळी नियम मोडला जाईल. तेव्हा वहीत तारीख, वस्तू आणि कोणाबरोबर गेलो होतो एवढे लिहावे आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे चालावे. वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नये. तीन-चार नोंदींनंतर एक आकृती दिसू लागते. कोणाला पगाराच्या पहिल्या आठवड्यात मोह होतो, कोणाला माहेरच्या फेरीत, कोणाला रात्री अंथरुणात फोन हातात असताना. उपाय त्या त्या जागी करावा.

पुढचा आषाढ येईल तेव्हा मागील पानांवरची यादी काढावी. जी वस्तू यादीत तीन वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा लिहिली गेली असेल, तीच प्रथम घ्यावी, आणि दोन खरेदींमध्ये निदान एक महिन्याचे अंतर ठेवावे. आहेराच्या वहीत त्या वर्षी कोणाकडे पाकीट दिले आणि कोणी काय आणले याची नोंद पुरी करून, पुढील हंगामातही हीच रीत चालू ठेवायची की नाही, हे तुळशीच्या लग्नाआधी थोरल्या जाऊबाईंना विचारून घ्यावे.